डावी बाही एकतीस

दुकानात बाबा माप बोलायचे आणि टाचणी लिहायची. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं. शिंप्याची बारकी, टोचून बोलणारी लेक, म्हणून सगळ्यांची ती टाचणीच. नियम एकच. लिहिणाऱ्यानं माप मोठ्यानं परत म्हणायचं. परत म्हटलं की ऑर्डर पक्की, मग सबब नाही.

पण गेले पाच दिवस बाबा हॉस्पिटलात होते. न्यूमोनियाचे जंतू छातीतून रक्तात आणि तिथून मेंदूच्या आवरणात शिरले होते. बाबा आईलाच म्हणत होते, "बाई, तुमचा कोट शुक्रवारी."

"ताप उतरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोकं किती ताळ्यावर येईल, आत्ता नाही सांगता येत. वाद घालू नका. ओळखीचं बोलत राहा."

ओळखीचं म्हणजे मापं! टाचणीनं दप्तरातून वही काढली. भर दुपार, खिडकीत लख्ख ऊन. बाबांनी डोळे उघडून पलंगाच्या पायथ्याशी पाहिलं. तिथे सलाईनचा स्टँड होता, बाकी कुणी नव्हतं.

"सरळ उभे राहा, साहेब." आवाज थेट दुकानातला, खणखणीत. "लिही गं टाचणे. छाती अडतीस."

"छाती अडतीस!" ती हरखलीच.

"उजवी बाही चोवीस."

"उजवी चोवीस."

"डावी एकतीस."

पेन्सिल थांबली. "बाबा, माणूस आहे की माकड?"

"गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलू नये," बाबा कुजबुजले. मग पायथ्याकडे बघून ओशाळं हसले. "लहान आहे, साहेब."

सलाईनची नळी हळूच हलली. पंखा बंद होता.

"डावी एकतीस," टाचणी म्हणाली.

त्याच संध्याकाळी ताप उतरला. बाबांनी आईला नावानं हाक मारली.

महिन्यानं ते दुकानात बसले. हॉस्पिटलातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. वही चाळताना मात्र थबकले.

"हे कुणाचं?"

"तुमच्या तापाचं!"

"परत म्हटलंस?"

"हो, मग!"

त्यांनी करडं कापड काढलं.

"लोक म्हणतील, ताप डोक्यातच राहिला," आई करवादली.

"पक्की ऑर्डर आहे."

कोट खुंटीवर लटकला, डावी बाही जमिनीकडे लोंबत. आठवडा गेला, कुणी फिरकलं नाही. टाचणीच्या जिवात जीव आला. शनिवारी शाळेतून आल्या आल्या तिनं कोट उसवायला उतरवला.

अस्तर गरम होतं, बाबांच्या कपाळासारखं.

डाव्या बाहीला कोपर वाकल्यासारख्या चुण्या पडल्या होत्या. दोन ठिकाणी.

"बाबा, कुणी घातला होता हा?"

"साहेबांना छान बसला," बाबा मशीनवरून मान वर न करता म्हणाले. "आणखी एक हवाय. सोबतीसाठी. लिही. छाती तीस, बाही एकवीस."

तिच्या गणवेशाचं माप.

टाचणीनं ओठ घट्ट मिटले.

"छाती तीस," तिच्या मागे, आरशापाशी कुणीतरी मोठ्यानं परत म्हटलं. "बाही एकवीस."