जोडावरची बांगडी

मिरजेच्या बाजारात रासन्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. तिथे हल्ली एक नवीच अडचण होऊन बसली होती. गिऱ्हाईक हात पुढे करी, सुवर्णा त्या हाताचा अंगठा तळव्यात दुमडून बांगडी चढवी, आणि बांगडी मनगटावर उतरली की नेमकी पहाऱ्याला घासे. मग गिऱ्हाईक म्हणे, "काकू, जरा जपून, माझा पहारा नवा आहे."

पहारा म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची नखाएवढी पातळ चकती. तिचं सरकारी नाव 'प्रतिकार-दर्शिका'. नाव ठेवणाऱ्या साहेबांना ते घाईत एकदा म्हणून पाहायला सांगायला हवं होतं. लोकांनी महिन्याभरात त्याचं 'पहारा' करून टाकलं. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा आत काय करतेय, ते ही चकती घामावरून ओळखायची आणि रंगात दाखवायची. हिरवा म्हणजे सगळं शांत. पिवळा म्हणजे बाहेरचं कोणीतरी शिरलंय आणि लढाई जुंपलीय. लाल म्हणजे शरीराचे रक्षक शरीरावरच उलटलेत. सर्दी येण्याच्या आधीच घरात वर्दी मिळू लागली, आणि पोरांना शाळा बुडवायला पुरावाही मिळू लागला.

सुवर्णाचा स्वतःचा पहारा मात्र वेड्यासारखा करत होता. तो पिवळा व्हायचा, लगेच लाल, परत पिवळा. बांगड्या भरताना साबणाच्या पाण्यात दिवसभर हात. पाणी शिरलं असेल आत, म्हणून तिने तो बदलून आणला. नव्यानेही तेच सुरू केलं. बोटंही कडक झाली होती, कातडी ओढल्यासारखी चकाकत होती. त्याचाही दोष तिने साबणाला दिला. आल्यागेल्या बाईचा हात मऊ की कडक हे सांगण्यात जिचा जन्म गेला, तिला आपला हात कडक झाल्याचं काही वाटलं नाही. सासूचे तळवेही असेच होते, असं म्हणून ती खोबरेल चोळत राहिली.

मग एका दुपारी कॉलेजातली एक मुलगी आली. सुवर्णाने तिचा हात हातात घेतला आणि तिला काही कळेचना. हाड कुठे संपतं, मांस कुठे दबतं, काही नाही. हातमोजा घालून चाचपावं तसं झालं. शेवटी ती म्हणाली, "कितीची घालतेस गं?"

गल्ल्यावर बसलेल्या अरविंदने मान वर केली. त्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नसे. रासन्यांच्या घरातली बाई हात धरायची आणि मापाची बांगडी काढायची, त्याच्या आईपासून हीच रीत होती. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि बायकोला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर अस्मा मुजावर मिरजेतलीच पोर. रोगप्रतिकार शास्त्र शिकून परत गावी आलेली. सुवर्णाला पाहून ती उठून उभी राहिली. "काकू, माझ्या लग्नातला चुडा तुम्ही भरलाय. रडवलं होतं मला."

"हात कडक होता तुझा," सुवर्णा म्हणाली. "आता माझा बघ."

अस्माने बोटं दाबून पाहिली, रक्त घेतलं, तळव्याच्या कातडीचा कणभर तुकडा घेतला आणि पेशी-वाचकात सरकवला. हे यंत्र एकेका पेशीची ओळख वाचतं. थोड्या वेळाने पडद्याकडे बघत, सहज विचारावं तसं तिने विचारलं, "काकू, तुमचा मुलगा कुठे असतो?"

"मूलबाळ नाही आम्हाला."

अस्माचा हात बटणावर थांबला. तिने पडदा जरा आपल्याकडे वळवून घेतला. अरविंद खाली बघत म्हणाला, "एकदा दिवस गेले होते. आठव्यात गेलं."

"मला दाखवलं नाही," सुवर्णा म्हणाली. "मी शुद्धीवर आले तोवर सगळं उरकलं होतं. का गं, काय झालं?"

अस्माने खुर्ची जवळ ओढली. "काकू, पोटात बाळ असतं ना, तेव्हा त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात. बाळ जन्मलं, नाही जन्मलं, त्या पेशी राहतात. कधी कधी आयुष्यभर राहतात. तुमच्या हाताच्या कातडीत तशा पेशी आहेत. पुरुषाच्या आहेत."

सुवर्णाने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मुलगा होता?"

अस्माने अरविंदकडे पाहिलं. अरविंदने होकारार्थी मान हलवली.

पुढचं अस्माने जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. रक्तातल्या पहारेकरी पेशींना डोळे नसतात. त्या प्रत्येक पेशीला अंग लावून तिच्या पृष्ठभागावरची खूण चाचपतात, तुम्ही हात चाचपता तसंच. खूण ओळखीची लागली की पुढे जातात, परकी लागली की मारतात. ओळखीचं काय नि परकं काय, हे त्या लहानपणी छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत शिकून येतात. बाळाच्या पेशींवर अर्धी खूण आईची असते आणि अर्धी बापाची. गरोदरपणात शांतिरक्षक नावाच्या दुसऱ्या पेशी मधे पडतात आणि सांगतात, याला हात लावू नका. काही जणींत वय झालं की या शांतिरक्षक पेशी थकतात. मग पहारेकऱ्यांना तो अर्धा ओळखीचा आणि अर्धा परका माणूस खटकायला लागतो.

"म्हणून तुमचा पहारा पिवळा-लाल होतोय," अस्मा म्हणाली. "आपला म्हणावं की बाहेरचा, हे त्याला ठरवता येत नाहीये. त्या मारामारीत कातडीत जखमेसारखे धागे साचतात, ती कडक होते. आज हात आहेत. पुढे फुप्फुसं कडक होतील. ते मात्र थांबवायलाच हवं."

"कसं थांबवतात?"

"सफाई करायची. त्या पेशी खुणेवरून हुडकून एकूण एक काढून टाकणारं औषध आहे. दोन महिन्यांत हात बरेचसे मोकळे होतील."

"एकूण एक," सुवर्णा म्हणाली. तिने पदर सावरला आणि ती उठली. "सांगते तुला."

परतताना रिक्षात, मिशन चौक गेल्यावर सुवर्णाने विचारलं, "तुम्ही बघितलं होतं?"

"मीच नेलं त्याला. आई म्हणाली, तिला काही सांगू नकोस, आस लागून राहील. तू विचारलं नाहीस कधी."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते की हो मी." ती रस्त्याकडे बघत होती. "कसा होता?"

अरविंद म्हणाला, "केस लई होते. नाक तुझं. बोटं लांब होती, बांगड्या भरणाऱ्याची." त्याने डोळे पुसले, रिक्षावाल्याला दिसलं तरी चालेल असे पुसले. सुवर्णाला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. तिला फक्त आणखी ऐकायचं होतं, आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखं तेवढंच होतं.

दुकान उघडून ती आत गेली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. रासन्यांच्या दुकानाची एक रीत होती. सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायला आलेल्या बाईला जोडाजोडाने बांगड्या भरून झाल्या की डाव्या हातात वर एक बांगडी घालायची. तिला जोडावरची म्हणत. ती पोटातल्याची. बाळंतीण बाळाला घेऊन आली की ती बांगडी परत द्यायची आणि बाळाला काळ्या मण्यांच्या मनगट्या न्यायच्या. सुवर्णाने स्वतःच्या हाताने स्वतःला घातलेली जोडावरची तेव्हापासून देवीच्या तसबिरीमागच्या खिळ्याला होती. सासूने ती तिथे अडकवली, पुढे सासू गेली, पण बांगडी काढायला कुणी धजावलं नव्हतं.

इतकी वर्षं सुवर्णाला वाटत होतं, त्या बांगडीचं माणूस कुठेच नाही. आणि तो तिच्या हातातच होता. ती इतर बायांची बाळंतपणं मोजत बसली तेव्हा होता, मनगट्या देताना पाठ फिरवून डोळे टिपले तेव्हाही होता. तिला त्याला एकदा मांडीवर घ्यावंसं वाटलं. इतक्या जवळ असलेल्याला मांडीवर घेता येत नाही, हे तिला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

आठवड्याने ती एकटीच अस्माकडे गेली. खोकला सुरू झाला होता, तो तिने लपवला नाही.

"मला एक सांग. पायात नाही, पाठीत नाही. हातातच का जमला तो?"

अस्माने तपासण्यांचा नकाशा पडद्यावर लावला. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या पेरांवर दाट ठिपके होते. "मलाही तेच कळत नव्हतं. मग तुमचे हात आठवले. काचेनं किती वेळा कापलं असेल तुम्हाला?"

"रोजचंच ते. हळद लावायची नि पुढची बांगडी घ्यायची."

"बाळाच्या या पेशी कोवळ्या असतात, काकू. आईच्या अंगात कुठे जखम झाली की रक्तातून तिथे जातात आणि तिथली पेशी होऊन बसतात. जखम भरून काढतात. तुम्हाला जितक्या वेळा कापलं, तितक्या वेळा थोडा थोडा तिथे गेलाय तो."

सुवर्णाने आपले तळवे मांडीवर उलटे ठेवले. मग सुलटे केले. त्या खोलीत ती रडली. आठव्या महिन्यात रडू दिलं नव्हतं तेव्हापासूनचं सगळं रडली. अस्माने घड्याळाकडे बघितलं नाही, बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं.

"माझ्यासाठी आला नि माझ्याच माणसांनी धरला त्याला," सुवर्णा म्हणाली. "काढून टाकू नकोस गं. दुसरं काहीतरी असेल."

"आहे," अस्मा अवघडून म्हणाली. "ओळखपाठ म्हणतात. तुमच्याच शांतिरक्षक पेशी बाहेर काढायच्या, त्यांना त्याची खूण शिकवायची, वाढवायच्या आणि परत सोडायच्या. त्या पहारेकऱ्यांना आवरतील. पण हे नवीन आहे. निम्म्या लोकांत लागू पडत नाही. आणि तुमच्या फुप्फुसांजवळ वेळ थोडा आहे. मुलगी म्हणून सांगू? सफाई करून घ्या."

"डॉक्टर म्हणून?"

"डॉक्टर म्हणूनही तेच."

अरविंदला तिने घरी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला तू पाहिजेस. त्याला मी एकदा पोचवून आलोय."

"मी नाही ना आले पोचवून," ती म्हणाली. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं आणि अस्माने नाइलाजाने मान्य केलं. एकदा ओळखपाठ घ्यायचा. दिवाळीपर्यंत पहारा हिरवा झाला नाही, तर सुवर्णा सफाईला नाही म्हणणार नाही. तिने तसं अरविंदच्या हातावर हात ठेवून कबूल केलं. हात कडक होता, तरी त्याने तो बराच वेळ सोडला नाही.

शिकवून तयार झालेल्या पेशी तिच्या शिरेत सोडल्या त्या दिवशी तिला काहीच जाणवलं नाही. पुढेही बरेच दिवस पहारा पिवळा-लाल, पिवळा-लाल. खोकला कधी कमी, कधी जास्त. गणपती आले आणि गेले. मग एका सकाळी लाल दिसला नाही. नुसता पिवळा, तोही फिका. अस्मा म्हणाली, "यावरून काही सांगता येत नाही. कुठे नवी जखम झाली की त्या पेशी तिकडे जातील, पहारेकरीही धावतील. तेव्हा समोरासमोर गाठ पडेल. तेव्हाच कळेल पाठ झालाय की नाही."

नवरात्रात दुकानात गर्दी होती. सातवा लागलेली एक पोरगी सासूबरोबर आली आणि पाटावर बसली. "काकूंच्याच हातून भरायच्या म्हणून थांबलेय," ती म्हणाली. अरविंद भरतो म्हणाला, तर तिने हात मागे घेतला. सुवर्णाने तिचा हात धरला. अजून बोथटच लागत होतं सगळं, पण अंगठ्याच्या मुळाशी, अगदी पुसट, तिला हाड लागलं. तिने माप न विचारता बांगड्या काढल्या.

जोड भरून झाले. जोडावरची चढवताना मात्र सुवर्णाचं बोट वळलं नाही आणि बांगडी वाढली. फुटली हा शब्द त्या दुकानात कुणी उच्चारत नाही. काच सुवर्णाच्या बोटात घुसली होती. पोरगीला काही लागलं नव्हतं, पण तिचा चेहरा उतरला.

"काही नाही झालं," सुवर्णा म्हणाली. "हिच्या बदली दुसरी घालते तुला." ती उठली, तसबिरीमागे हात घातला आणि खिळ्यावरची बांगडी काढून पदराने पुसली. अरविंद गल्ल्यावरून अर्धा उठला आणि परत बसला. तिने ती पोरीच्या हातात घातली. सावकाश घातली, पण नीट गेली. "बाळाला घेऊन आलीस की मला परत दे," ती म्हणाली. "मनगट्या तयार ठेवते."

पोरगी आणि सासू गेल्यावर अरविंद हळदीचा डबा घेऊन आला. सुवर्णाने त्याला हातानेच थांबवलं. बोटावर रक्ताचा थेंब जमला होता, फुगला, आणि ओघळून मनगटाकडे निघाला. पहाऱ्यावरचा फिका पिवळा हलायला लागला होता.

"काय दाखवतोय?" अरविंदने विचारलं.

ती बोटाकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिने एकदाही मुलाची वाट नीट बघितली नव्हती, तो येतो हेच माहीत नव्हतं. आता तो निघाला असेल. त्याच्या मागोमाग पहारेकरीही निघाले असतील. या वेळी ते त्याला ओळखतील का?