पश्चिमेची खिडकी

"भिंतीला ताप आलाय का, मॅडम?"

मी दचकून हात मागं घेतला. एप्रिलची उतरती दुपार होती, वाटूर फाट्यावर परतूरच्या गाडीचा पत्ता नव्हता, आणि मी तिथल्या हॉटेलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला तळहात लावून बघत होते. मला ती खोडच आहे. बायका बाजारात वांगी दाबून बघतात, मी भिंती.

"ताप न्हाई, भट्टी आहे," मी म्हणाले. "आत झोपणाऱ्याचं पहाटेपर्यंत भरीत होत असणार."

तो हसला. सावळा, उंच, खांद्याला पिशवी, बोटांना खडू लागलेला. गावातल्याच शाळेत शिकवतो म्हणाला. नाव बुद्धभूषण.

"मंग आमच्या घरी येऊन बघा. वर नुसते पत्रे हैत. आमची आई दिवसभर लिंबाखाली बसून राह्यली."

"मी डॉक्टर न्हाई हो, आर्किटेक्ट आहे."

"मंग तर बिलकुल या. डॉक्टरांनी हात टेकले."

बोलला हसत, पण नजर खाली गेली. मागच्या उन्हाळ्यात त्याची आई, गिरिजाबाई, चुलीपाशीच कोसळली होती. पुढचा उन्हाळा पत्र्याखाली काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडी आली तेव्हा मी चढले खरी, पण त्याचा नंबर घेऊन.

पुण्यातली नोकरी सोडून मी परतूरला आले ते याचसाठी. एसीशिवाय गार राहणारी घरं आपल्याच तालुक्यात बांधायची, असं डोक्यात होतं. लोक काय म्हणायचे? "तातेरावाची पोरगी पाच वर्षं शिकली अन् मातीचं घर बांधा म्हणून राह्यली!" बाबा ऐकायचे आणि गप्प बसायचे. त्यांचं ते गप्प बसणं मला फार लागायचं. त्यामुळं बुद्धभूषणचं घर हे माझं पहिलं घर, आणि ते मे महिन्यात गार राहिलं नाही तर शेवटचंही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीनंतर त्याच्या नव्या घराचं काम सुरू झालं. शाळा सुटली की तो थेट जागेवर यायचा. मी काडी रोवून सावली दाखवायचे, तो शहाण्या पोरासारखा ऐकायचा.

"हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, उन्हाळ्यात डोक्यावरून जातो," मी सांगत होते. "दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा दिला, की थंडीतलं ऊन आत येतं आणि उन्हाळ्यातलं बाहेरच थांबतं."

"म्हणजे तुमच्या घरात सूर्यालासुद्धा विचारून यावं लागतं?"

"हो."

"अन् माणसांना?"

"माणसांचं… बघू."

मी नकाशात डोकं घातलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि त्याला काही भिंतीचं ऊन कारण नव्हतं. "पश्चिमेचं मात्र काही खरं न्हाई," मी घाईनं म्हणाले. "ते ऊन तिरपं येतं, छज्ज्याला जुमानत न्हाई. तिकडं जाड भिंत, आणि बंद."

"आमच्यात वास्तुशास्त्रवाले येत न्हाईत. तुम्ही सांगाल ते शास्त्र," तो म्हणाला.

एका संध्याकाळी भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. गिरिजाबाईंनी चहा पाठवला. आम्ही विटांच्या ढिगावर बसलो. समोर वेचून झालेल्या कपाशीवर सूर्य टेकला होता, सगळं रान तांबूस झालं होतं. मी सहज बोलून गेले, "इथं बसून रोज असा चहा प्यायला मिळाला तर… माणसाला आणखी काय लागतं?"

तो कप हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मी पण कप खाली ठेवायला जरा उशीरच केला.

फेब्रुवारीत एका प्रशिक्षणासाठी मी आठवडाभर पुण्याला गेले. परत आले, जागेवर पाऊल टाकलं आणि थबकले. मधल्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत हे एवढं मोठं भगदाड! चौकटसुद्धा बसवून झालेली.

"कडूबाकाका, हे काय?"

गवंडी कडूबाकाकांनी थापी खाली ठेवली. "सरांनी सांगितलं, बाई. मला वाटलं तुम्हाला इचारूनच."

तेवढ्यात तो आला, हसरं तोंड घेऊन. माझा चेहरा बघून ते हसू जागेवर विरलं.

"सर, माझ्या नकाशात हात घालायला तुम्हाला कुणी सांगितलं? इथं आईची बाज येणार. मे महिन्यात दुपारी त्यांनी जायचं कुठं, परत लिंबाखाली?"

"पडदा लावू की…"

"पडद्यानं भागलं असतं तर मी शिकायला कशाला गेले असते?"

कडूबाकाका पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर सटकले. तो चौकटीला टेकून उभा राहिला.

"ती खिडकी आईसाठी न्हाई," शेवटी तो म्हणाला.

"मंग?"

"तुम्ही म्हणल्त्या ना… इथं बसून रोज चहा प्यायला मिळाला तर." त्यानं बोटांवरचा खडू पुसला, परत पुसला. "वर्गात मी तास तास बोलतो. तुमच्यापुढं जीभच उचलत न्हाई. मंग म्हणलं, आधी खिडकी करावी. ती बघून तुम्हाला समजंल."

समजलं. अगदी लख्ख समजलं. आजवर मला कुणी गजरा दिला नव्हता, आणि या माणसानं घराची भिंत उघडी करून दिली होती. आवडत होता तो मला, वाटूर फाट्यापासूनच आवडत होता. आणि तरीही राग जाईना. चार वाजले असतील. त्या खिडकीतून आलेलं ऊन आख्खी खोली ओलांडून, आईची बाज ठेवायच्या जागेवर जाऊन पडलं होतं. मी तिथं हात लावला. फेब्रुवारीतच फरशी चटकत होती.

"सर, एक विचारू? मी तुम्हाला आवडते, ते कळलं. माझं काम पटतं का?"

त्यानंही खाली वाकून फरशीला तळहात लावला. तसाच राहिला.

"पटतं," तो म्हणाला. "पटलं म्हणून तर आईचं घर तुमच्या हाती दिलं. पण ही खिडकी सांगताना मी कामाचा विचारच केला न्हाई. निस्ता तुमचा केला. तुम्ही अन् तुमचं काम वेगळं न्हाई, हे ध्यानातच आलं न्हाई माझ्या."

दारातून गिरिजाबाईंचा आवाज आला. "मी म्हणलंच होतं त्याला, पोरीला तोंडानं इचार. तर म्हणतो, आई, आधी चौकट बसू दे."

त्याची मान आणखी खाली गेली. मी बाहेर डोकावले.

"काका, या आत. ही खिडकी बुजवा. चौकट उत्तरेला बसवू."

बुद्धभूषण उठून उभा राहिला. चेहरा पार उतरला होता. "बराबर आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणजे… तुमचं उत्तर न्हाई असं आहे."

"दुसऱ्याचं घर असतं ना सर, तर मी म्हणाले असते, राहू द्या, छान दिसतेय." मी चौकटीवर हात ठेवला. "चहा काय, आपण अंगणात बसूनही पिऊ. पण मला मे महिन्यात या घरात झोपायचंय. दर वर्षीच्या."

त्याला कळायला वेळ लागला. आधी गिरिजाबाईंना कळलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मग त्याला. त्यानं पिशवी कोपऱ्यात ठेवली, बाह्या सारल्या आणि विटांच्या ढिगाकडं गेला.

"मॅडम, मी…"

"आता मॅडम नको. भिंत पुरी होईस्तोवर ज्योत्स्ना म्हणायला शिका."

कडूबाकाकांनी चौकट काढली, गारा कालवला आणि हात पुढं केला. तो एकेक वीट देत गेला, आणि दर विटेमागं ओठातल्या ओठात माझं नाव म्हणून बघत होता.