एक ठोका म्हणजे बरोबर

हे खरं घडलेलं आहे. पटवून घ्यायचं की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

जिच्या बाबतीत घडलं ती बाई आजही अमेरिकेतल्या ब्रॉकटनमध्ये राहते. आजही सकाळच्या पहिल्या बसने कामाला जाते. तिने हे एकदाच सांगितलं. सांगायला बसण्याआधी तिने बोटातली अंगठी काढली आणि कोटाच्या खिशात खोल घालून ठेवली.

तिचं नाव मिर्लांद. हैतीहून आल्यापासून ती एकाच वृद्धाश्रमात मदतनीस होती. म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं. आणि कालपरवा कॉलेजातून आलेल्या पोरीने दारातूनच सांगायचं, "मिर्लांद, तेवढी चादर बदल गं."

मिर्लांदला नर्स व्हायचं होतं. दारातून सांगणारी व्हायचं होतं.

त्यासाठी आधी प्रवेशपरीक्षा. ती दोनदा नापास झाली होती. कॉलेज तिसऱ्यांदा बसू देत होतं.

चौथ्यांदा नाही.

तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत मादाम टियर्नी असायची. जन्मभर नर्स होती. मेंदूत रक्त साकळलं, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा चालायचा. त्या हातात लग्नाची जाड अंगठी.

तिला भेटायला कोणी येत नसे. दुसऱ्या कोणी अंगाला हात लावला तर ती रक्त निघेपर्यंत चिमटा काढायची. मिर्लांदने लावला तर मात्र गाय उभी राहावी तशी गप्प.

दुपारी काम सुटलं की बस यायला तास-दीड तास असायचा. मिर्लांद पुस्तक घेऊन तिच्यापाशी बसायची. प्रश्न मोठ्याने वाचायची, उत्तर द्यायची. आणि म्हातारी अंगठी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटायची.

एक ठोका म्हणजे बरोबर. दोन ठोके म्हणजे चूक.

असा सगळा उन्हाळा गेला.

एकदा मिर्लांद तिचे केस विंचरताना हसत म्हणाली, "मादाम, मी पास झाले ना, की हे सगळं सोडून जाणार बरं का! मग सगळ्यांनाच चिमटे काढाल?"

ठक... ठक.

"अहो, चूक काय त्यात? जाणारच मी!"

ठक ठक. या वेळी इतक्या जोरात, की कठडा घुमत राहिला.

मिर्लांदला हसू आलं. म्हातारी थट्टा करते आहे, असं तिला वाटलं.

थंडी सुरू होता होता म्हातारी झोपेत गेली. मिर्लांदनेच तिला शेवटची आंघोळ घातली. बोट सुजलं होतं, अंगठी निघेना. ती तशीच बोटात राहिली आणि बोटाबरोबर मातीत गेली.

गादी उचलली. खोलीत नुसता लोखंडी पलंग उरला.

मिर्लांद तरी तिथेच जाऊन बसायची. जेवणाच्या खोलीत बायकांचा कलकलाट, घरी आत्याचा रेडिओ. दुसरी जागा नव्हती.

डिसेंबरातली दुपार होती. चार वाजले होते, पण बाहेर अंधारून आलं होतं. मिर्लांदने प्रश्न वाचला. हृदयाच्या कोणत्या कप्प्यातून रक्त सगळ्या शरीरात जातं?

"उजव्या, खालच्या," ती स्वतःशीच म्हणाली.

ठक... ठक.

तिने मान वर केली. पलंग रिकामा.

खोली गरम करणारे पाइप वाजतात कधीकधी. तिने उठून पाइपाला हात लावला. तो थंडगार होता. त्या बाजूचे पाइप केव्हाच बंद केले होते.

मग तिने कठड्यावर बोट टेकवलं.

कठडा थरथरत होता... आत्ताच कोणीतरी आपटल्यासारखा.

पुस्तक उघडून तिने उत्तर पाहिलं. डावा, खालचा. ती म्हणाली, "डावा?"

ठक.

मिर्लांद पळाली नाही. तिने पळायला हवं होतं. पण परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

रात्री आत्याने तिच्यापुढे भाजी-मांसाचा गरम रस्सा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. तांत इव्रोझ, म्हणजे इव्रोझ आत्या, बापाची थोरली बहीण. तिला भुताची भीती वाटत नव्हती, तिला राग आला.

"मेलेली बाई फुकट शिकवणी घेते तुझी?"

"जिवंत होती तेव्हाही फुकटच घेत होती, तांत."

"तेव्हा तू तिचं ढुंगण धूत होतीस, बये! ती मजुरी होती. आता काय देतेस?"

मिर्लांद रस्सा ढवळत राहिली.

"उद्या कॉफी घेऊन जा. कडू, बिनसाखरेची, मेलेल्यांना देतात तशी. खोलीच्या कोपऱ्यात तीन थेंब सांड आणि सांग, मादाम, तुमची कामाची पाळी संपली, घरी जा."

"परीक्षा होऊ दे. मग सांडते."

"म्हणजे तुझं काम होईपर्यंत तिला धरून ठेवणार?" आत्याने रस्स्याची पळी आपटली. "आणि तिनेच तुला धरलं असेल तर गं?"

मिर्लांद कॉफी घेऊन गेली नाही.

ती रोज त्या खोलीत बसली. ठोके पडत राहिले. एकही ठोका चुकला नाही. मिर्लांद चुकली की दोन, सुधारलं की एक. हळूहळू तिची सवयच झाली. उत्तर तोंडातून निघालं, की कान तिकडे. स्वतःचं डोकं काय म्हणतं, हे विचारायचंच तिने सोडलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. कॉलेजातली मोठी खोली, रांगेने संगणक. आवाज येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या कानांवर जाड टोप्या. त्या घातल्या की स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येई.

तिला हायसं वाटलं. इथे कोण येणार?

गणित सुटलं. वाचनाचे उतारे सुटले. विज्ञान सुरू झालं.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती?

सेहेचाळीस. तिला पाठ होतं. तिने खूण केली.

ठक... ठक.

टोपीच्या आत. अगदी कानाच्या पडद्याशी.

तिने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या माना पडद्यांवर. कोणी हलत नव्हतं.

पुढच्या पर्यायात अठ्ठेचाळीस होतं. तिने तिथे खूण केली.

ठक.

पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. पाठ असलेली उत्तरं ती एकामागून एक बदलत गेली. मन निवांत होतं. इतके दिवस ठोका कधी चुकला होता?

शेवटचं बटण दाबलं आणि निकाल तिथेच पडद्यावर आला.

नापास. विज्ञानात. थोडक्यासाठी.

दुसऱ्या दिवशी औषधांच्या गाडीपाशी ब्रिजेटने विचारलं. ब्रिजेट म्हणजे तीच, दारातून चादर बदलायला सांगणारी नर्स.

"काय अडलं गं?"

मिर्लांदने गुणसूत्रांचं सांगितलं.

"अठ्ठेचाळीस?" ब्रिजेट हसायलाच लागली. "कोणत्या जमान्यातलं पुस्तक घेतलंस? फार पूर्वी मोजणीच चुकली होती, तेव्हा अठ्ठेचाळीस शिकवायचे. माझी आजी शिकली असेल तसं!"

मिर्लांदच्या जिवाला थोडा आधार वाटला. म्हणजे म्हातारीने फसवलं नाही. बिचारीला तिच्या काळात शिकवलं तेच तिने सांगितलं.

बसमध्ये बसेपर्यंत हा आधार टिकला.

मग तिला उन्हाळ्यातली एक दुपार आठवली. उघडी खिडकी, मादामची मान तिच्या हातावर. हाच प्रश्न तिने मोठ्याने वाचला होता. सेहेचाळीस म्हणाली होती.

आणि म्हातारीने एकदाच अंगठी आपटली होती.

म्हातारीला खरं उत्तर माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात मिर्लांद कडू कॉफी घेऊन त्या खोलीत गेली. तीन थेंब सांडले. आत्याने सांगितलं होतं ते शब्द म्हणाली. काहीच झालं नाही. कॉफी फरशीवर वाळून गेली आणि तिनेच ती पुसली.

जानेवारीत पलंगावर नवीन गादी आली. नवीन म्हातारी आली. ब्रिजेट दारात उभी राहून म्हणाली, "मिर्लांद, हिला तेवढं कुशीवर वळव गं."

मिर्लांदने बाही वर केली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, इतकी वर्षं घालत आली तसा. म्हातारी कुशीवर वळली. तिचे दोन्ही हात पांघरुणाच्या आत होते.

कठड्याला कोणाचा हात लागलेला नव्हता.

ठक.

मिर्लांद थांबून राहिली. दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत.

तो पडला नाही.