तिसऱ्या मजल्यावरचं लॉगिन

हे घडलंय. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या बाबतीत घडलंय, आणि त्याची बाजू घ्यायला मी हे सांगत नाहीये. पटत नसेल तर इथेच थांबा, मी कुणाच्या मागे लागणार नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. रविवार होता, भर दुपार, साडेबारा वाजलेले.

जागा म्हणजे त्याच्या ऑफिसच्या तळघरातली सर्व्हर रूम. खिडकी नाही. मोबाईलला रेंज नाही. भिंतीवर एक इंटरकॉम, मधोमध कपाटाएवढाली मशीन आणि एसीचा असा गारठा की भर उन्हाळ्यात स्वेटर लागतो. इमारतीत दोनच माणसं होती. तळघरात हा, आणि गेटवर वॉचमन.

काम नेहमीचंच. कंपनीचा सगळा कारभार, ऑर्डरी, गोदाम, पगार, एका मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात चालतो. ते जुनं काढून त्याच मशीनवर नवं बसवायचं होतं. युनिक्सची मशीन ती. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं. टाइप करायचं आणि एंटर मारायचं.

रविवारचं काम कुणालाच नको असतं. आमच्या धाकट्याने ते स्वतःहून मागून घेतलं.

का घेतलं, ते आधी सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या वर एक सीनियर होते. सगळं ऑफिस त्यांना मास्तर म्हणायचं. याला मशीनच्या म पासून त्यांनी शिकवलं. त्यांच्या घरी हा आठवड्यातून दोनदा जेवायचा. काकू याला "अरे, अजून एक घे" म्हणून वाढायच्या. मास्तरांची एक सवय होती. एंटर मारायच्या आधी ते मागे येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "कुठे आहेस?" म्हणजे कुठल्या मशीनवर आहेस. नाव मोठ्याने वाचायचं, मगच एंटर. कारण दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या असतात, एक सरावाच्या मशीनची, एक खऱ्या मशीनची. दिसायला दोन्ही सारख्याच.

याला खऱ्या मशीनची परवानगी नव्हती. अर्ज साहेबांकडे चार महिने धूळ खात पडला होता. काम अडायला नको म्हणून मास्तरांनी आपला पासवर्ड याला देऊन टाकला. नियमात बसत नव्हतं. पण विश्वास होता ना!

एक दिवस मास्तर रजेवर होते. याने आपल्या टेबलावरून, मास्तरांच्या नावाने, सर्व्हर बंद करायची कमांड दिली. सरावाच्या मशीनवर द्यायची ती खऱ्या मशीनवर दिली. वाजले होते बारा सत्तेचाळीस.

कंपनी नऊ तास ठप्प झाली.

साहेबांनी नोंद बघितली. नाव मास्तरांचं. झालं, खापर फोडायला डोकं मिळालं. कुठल्या टेबलावरून लॉगिन झालं तेही त्याच ओळीत पुढे लिहिलेलं होतं, पण ते कोण वाचतंय? मास्तरांनी वाचलं असणार. ते याच्याकडे नुसते बघत राहिले. आणि हा मूग गिळून बसला.

मास्तरांना काढलं. बेजबाबदार असा शिक्का मारून काढलं. या धंद्यात तो शिक्का पुसत नाही, दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नाही. सहा महिन्यांत माणूस संपला. काकू त्यानंतर दोनदा ऑफिसात आल्या. त्यांना काही नको होतं, फक्त एक कागद हवा होता. चूक यांची नव्हती, एवढं लिहिलेला कागद. साहेब म्हणाले, "पुरावा आणा."

मूळ नोंद काही महिन्यांनी आपोआप पुसली जाते, पण पुरावा तळघरात होता. त्याच मशीनवर, मास्तरांच्या फोल्डरमध्ये. त्यांनी त्या दिवसाच्या नोंदीची एक प्रत काढून ठेवली होती. ठेवली, आणि कुणाला दाखवली नाही. माझ्या भावाला ती मशीनवर काम करताना दिसली होती. हे काम त्याने अंगावर घेतलं ते ती प्रत पुसायला.

असा माझा भाऊ. घ्या.

तर त्या रविवारी त्याने सुरुवात केली.

मशीनवरून माणूस काढून टाकला की त्याच्या फायलींपुढे नाव राहत नाही, नुसता नंबर राहतो. मास्तरांच्या सगळ्या फायलींपुढे तसा नंबर होता. याने नव्या सॉफ्टवेअरसाठी एक नवा युजर बनवला. मशीनने त्याला रिकामा सापडलेला नंबर दिला.

तो मास्तरांचाच निघाला.

होतं असं कधी कधी. तो स्वतःशीच हसला. आता मास्तरांच्या फायलींपुढे नव्या युजरचं नाव दिसणार, एवढंच. त्याने यादी मागवली...

फायलींपुढे मास्तरांचं नाव होतं.

त्याने युजरची यादी उघडली. तिच्यात मास्तर नव्हते. पुन्हा फायली बघितल्या.

मास्तर. मास्तर. मास्तर. पडदाभर.

"गारठ्याने डोकं चालेनासं झालंय," असं म्हणून त्याने हात चोळले आणि इन्स्टॉल सुरू केलं. ते सॉफ्टवेअर एकेक प्रश्न विचारत जातं. कुठे बसवू? मालक कोण? अ‍ॅडमिन कोण? याने आपलं नाव दिलं. शेवटी सगळी उत्तरं एकत्र दाखवून विचारतं, बरोबर आहे का?

अ‍ॅडमिनपुढे मास्तरांचं नाव.

मागे जाऊन बदललं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने स्वतःचं नाव एकेक अक्षर दाबत, मोठ्याने म्हणत लिहिलं.

तेव्हा त्याला जाणवलं... एसीचा आवाज येत नव्हता.

मशीन चालू होती, दिवे लुकलुकत होते, पण आवाज कसलाच नव्हता. फक्त पाठीमागे, अगदी मानेजवळ, कुणीतरी उभं असल्यासारखी ऊब होती. त्या फ्रिजसारख्या खोलीत ऊब!

त्याने वळून बघितलं नाही. आत्ता या मशीनवर कोण कोण आहे, हे विचारायची तीन अक्षरांची एक कमांड असते. ती दिली.

दोन ओळी आल्या. एक त्याची स्वतःची, तळघरातली.

दुसरी मास्तरांच्या नावाची. लॉगिन बारा सत्तेचाळीस, आजचं. आणि पुढे जागा... तिसरा मजला. माझ्या भावाचं टेबल.

त्याच्या पाचावर धारण बसली. मेलेला माणूस वर याच्या टेबलावर बसून काम करतोय? त्याने इंटरकॉमवरून वॉचमनला सांगितलं, "काका, जरा तिसऱ्या मजल्यावर जाऊन बघा. माझ्या टेबलावर कुणी आहे का?"

काका कुरकुरत गेले. पाच मिनिटांनी जिन्याजवळच्या फोनवरून त्यांचा आवाज आला, दबका.

"साहेब, ही काय थट्टा?"

"का? कोण आहे?"

"तुम्हीच तर आहात की."

याने इंटरकॉम कानाला घट्ट दाबला.

"पाठमोरे बसलाय. हाच निळा स्वेटर, सकाळी आलात तेव्हा घातलेला. फोन कानाला लावलाय, हळू आवाजात बोलताय. मी हाक मारली तर हात वर केलात, थांबा म्हणून... साहेब, मग इथे माझ्याशी कोण बोलतंय?"

मास्तर असते तर बरं झालं असतं, असं तो नंतर मला म्हणाला. मास्तरांचे पाय धरता आले असते.

चार जिने चढून वर जायचं होतं फक्त. गेला नाही. त्याच्या मनात एकच आलं. वर जो कोणी बसलाय तो मास्तरांच्या नावाने आत शिरलाय, म्हणजे त्याला ती फाईल दिसतेय. भीती वाटली तीसुद्धा स्वतःच्या नोकरीची, बघा. त्याने इंटरकॉम तसाच लोंबकळत सोडला आणि फाईल पुसायची कमांड टाइप केली.

मागून, कानाजवळ, अगदी शांतपणे...

"कुठे आहेस?"

त्याने एंटर मारला.

एसीचा आवाज धाडकन परत आला. पाठीवरची ऊब गेली. त्याने ती तीन अक्षरं पुन्हा दिली. एकच ओळ आली, त्याची. इंटरकॉममधून काका ओरडत होते, "अहो साहेब, खुर्ची रिकामी आहे हो! फोन लोंबकळतोय नुसता!"

फाईल गेली. दुपारभरात बाकीची डिस्कही साफ झाली. इन्स्टॉल एका दमात पार पडलं, एकही चूक न होता. सोमवारी साहेबांनी पाठ थोपटली.

महिनाभर हा नीट जेवला नाही. शेवटी मीच खनपटीला बसले तेव्हा सगळं ओकला. ऐकून मी काय केलं? थोबाडीत दिली. तीस वर्षांचा घोडा, पण दिली. म्हटलं, ऊठ, आधी साहेबांना सांग.

सांगितलं त्याने. साहेबांनी विचारलं, "पुरावा?"

"होता. मी पुसला."

"मग घरी जा, झोप काढ. गेलेल्या माणसासाठी कशाला उकरून काढतोस? काम छान चाललंय की!"

उरल्या काकू. याच्याने एकट्याने जाववेना, म्हणून मी सोबत गेले. दार त्यांनीच उघडलं. याला बघून थोड्या हसल्या, बाई गं, ते हसू मला अजून आठवतं. आत बसवलं. पाणी दिलं.

याने मान खाली घालून सगळं सांगितलं. याचं संपल्यावर काकू म्हणाल्या, "कागद कुठाय?"

"कागद नाही, काकू."

"नाही कसा? तुम्हीच म्हणालात, समोर आहे, छापतो आणि घेऊन येतो." कधीकाळी त्या याला अरे-तुरे करायच्या. "महिना झाला, वाट बघतेय मी."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मी कधी म्हणालो?"

"त्या रविवारी नाही का फोन केलात? ऑफिसच्या नंबरवरून, यांच्याच जुन्या. दुपारी, पाऊण वाजून गेला होता. आधी यांनाच मागितलंत. ते गेले म्हटल्यावर खूप रडलात. मग बोललात, चांगली दहा मिनिटं. आणि कागदाचं सांगत असतानाच लाईन तुटली."

याने हातातला पेला खाली ठेवला. "काय... काय बोललो मी?"

काकूंनी त्याच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, ओळख पुसल्यासारखा.

"तो तुम्ही नव्हतात," त्या म्हणाल्या. "जो होता, त्याला मी माफ केलंय. तुम्ही निघा आता."

आणि दार लावून घेतलं.

नोकरी त्याने सोडली. आता माझ्याकडेच असतो. वॉचमनला मी स्वतः जाऊन भेटले, ते आजही मुलाबाळांची शपथ घेऊन तेच सांगतात. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर कोण बसलं होतं ते मला माहीत नाही. आणि हा रोज जेवताना मधेच थांबतो, घास हातात धरून मला विचारतो,

"ताई, काय बोललो असेन गं मी?"

मी वाढत राहते. मला काय माहीत?