उंबरज्यांची नजरतूट

हत्तुरे मंडळींनी पोहे संपवले, मुलीला दोन-चार प्रश्न विचारले आणि मग नवऱ्या मुलाच्या, विरेशच्या, काकांनी, बसवंतकाकांनी, मुद्द्याला हात घातला.

"उंबरजेसाहेब, पत्रिका-बित्रिका आम्ही मानत नाही. तुमचा निरीक्षक क्रमांक तेवढा सांगा."

बार्शीत त्या वर्षी ही नवी रीत पडली होती. ज्या घराच्या गच्चीवर दुर्बीण, त्या घराची सोयरीक आधी निरीक्षणवहीतून तपासायची आणि मग याद्या करायच्या.

"सांगतो कशाला, लिहूनच देतो," मल्लिनाथ उंबरजे म्हणाले आणि वरच्या खिशातलं पेन काढलं. माणसानं इतक्या हौसेनं स्वतःच्या गळ्याचं माप कुणाला दिलं नसेल.

उंबरजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं व्यापाऱ्यांचे काटे तपासले. दोन ग्रॅमच्या तुटीपायी सख्ख्या साडूचं दुकान त्यांनी सील केलं होतं, आणि ती हकिगत ते दर लग्नात, साडूच्या पंगतीला बसूनच सांगत. छंद एकच: रूपविकारी तारे. म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं, असे. आठ इंची आरसा त्यांनी चार महिने घासून स्वतः तयार केलेला, दुर्बिणीची पेटी गल्लीतल्या सुताराकडून करून घेतलेली. रीत सोपी. हव्या त्या ताऱ्याशेजारी दोन ओळखीचे तारे धरायचे, एक जास्त तेजस्वी, एक कमी. आपला तारा या दोघांच्या मध्ये कुठं बसतो ते नुसत्या नजरेनं तोलायचं आणि त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, वहीत मांडायचा. तो आकडा मग निरीक्षकाच्या क्रमांकाखाली जगभरच्या हौशी लोकांच्या सामाईक संग्रहात जाई. संग्रह सगळ्यांना खुला. नियम एकच, एकदा पाठवलेला आकडा खोडायचा नाही. तेवीस वर्षांत उंबरज्यांचे एकेचाळीस हजार आकडे झाले होते. त्याबद्दल गावच्या आकाशप्रेमी मंडळानं त्यांच्या नावाची पितळी पाटी करून दिवाणखान्यात लावली होती. पाहुण्यांनी ती पाहिली नाही तर ते पंख्याचा वेग तपासायच्या निमित्तानं तिच्याखाली जाऊन उभे राहत.

पुढं उपग्रह आले. त्यांनी एकेक तारा हजाराव्या भागापर्यंत बिनचूक मोजून ठेवला, आणि हौशी लोकांच्या वह्या ताऱ्यांच्या दृष्टीनं रद्दी झाल्या.

ती रद्दी पुण्याच्या डॉ. मृण्मयी कारखानीस यांनी उचलली. बाई मेंदूच्या डॉक्टर. त्यांनी गणित उलटं मांडलं. ताऱ्याचं खरं तेज जर आता नक्की माहीत आहे, तर वहीतली चूक ताऱ्याची नव्हे, तोलणाऱ्याची. त्या चुकीला त्यांनी नाव दिलं 'नजरतूट'. एका रात्रीची तूट निरर्थक. माणसाला सर्दी असते, घरात भांडण झालेलं असतं. पण दहा-पंधरा वर्षांच्या तुटीची रेषा काढली, की निरोगी मेंदूची सरळ जाते आणि झिजणाऱ्या मेंदूची कलते. पहिली विसरभोळी चूक होण्याच्या कितीतरी वर्षं आधी कलते. रक्तात काही सापडत नाही, फोटोत काही दिसत नाही. उतार तेवढा दिसतो. आणि हा रोग निम्म्या मुलांत उतरतो. अशी लांबलचक, प्रामाणिक रेषा जगात कुणाची होती? तर ज्यांनी कुणी न सांगता वर्षानुवर्षं थंडीत मान मोडून आकडे लिहिले, त्या चार-पाच हजार छांदिष्टांची. ज्यांनी आयुष्यात मान वर केली नाही ते सुटले.

पंधरा दिवसांनी डॉक्टरबाई स्वतःच बार्शीला आल्या. हत्तुऱ्यांनी पाठवलेल्या क्रमांकाचा अहवाल टपालानंही आला असता. पण असा नमुना त्यांना मिळाला नव्हता.

"उंबरजेसाहेब, वाईट वाटून घेऊ नका."

"आमच्या खात्यात वाईट वाटून घेत नाहीत, बाई. तूट किती ते सांगा."

"रेषेला उतार आहे."

"माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय. त्याचा असेल."

"मोतीबिंदू दोन्ही पारड्यांत सारखाच पडतो. तुमचा तारा अंधूक, तर शेजारचेही अंधूक. तो वजा होऊन जातो. हे डोळ्याचं नाही, डोळ्यामागं बसून जो तोलतो त्याचं आहे."

मुलगी शिवगंगा चहाचा ट्रे घेऊन आली होती. डॉक्टरबाईंनी टेबलावर कागद पसरला.

"ही पाहा पहिली दहा वर्षं. सरळ, पण जरा भरड. मग इथं, तेरा वर्षांपूर्वी, एका महिन्यात तुमची नजर एकदम सुधारते. इतकी बारीक नजर मी कुठल्याच वहीत पाहिलेली नाही! काय केलंत तेव्हा? नवा चष्मा घेतलात का?" त्या हसल्या. "पुढची सात वर्षं तशीच. आणि गेली सहा वर्षं हा उतार. आणखी चार-पाच वर्षांत विसरणं सुरू होईल."

उंबरजे हसले नाहीत. त्यांनी शिवगंगेकडं पाहिलं. ती ट्रेवरच्या फुलाकडं पाहत होती.

तेरा वर्षांपूर्वी त्यांच्या मानेचा मणका सरकला होता. गळ्याला पट्टा, दुर्बिणीच्या भिंगाशी वाकता येईना. तेव्हा चौदा वर्षांची शिवगंगा डोळा लावून ओरडायची, "अप्पा, नऊ-दोन!" आणि अप्पा लाल टॉर्चच्या उजेडात नऊ-दोन लिहायचे. स्वतःच्या क्रमांकाखाली. पट्टा वर्षात निघाला, पण पोरीची नजर चोख होती आणि अप्पांचा आकडा फुगत होता. मग भिंगाशी ती आणि वहीशी ते, हीच वहिवाट पडली. दुसऱ्याचा शिक्का आपल्या वजनावर मारणाऱ्या दुकानदारांना त्यांनी कोर्टात उभं केलं होतं. स्वतःच्या गच्चीवर तेच चाललंय हे तेरा वर्षांत एकदाही ध्यानात आलं नाही.

आणि तिची आई. तेहतिसाव्या वर्षी विहिरीत पडून गेली. शेवटच्या वर्षी ती बाजारातून घरी यायचा रस्ता चुकायची. लोक म्हणाले, बाहेरचं असेल.

डॉक्टरबाई गेल्यावर उंबरज्यांनी कागद पुढं ओढला.

"काय लिहिताय?" शिवगंगेनं विचारलं.

"बाईंना पत्र. जे खरं आहे ते."

"खरं लिहिलंत तर मी पूर्ण. नाही लिहिलंत तर मी अर्धी."

"म्हणजे?"

"म्हणजे उतार माझा ठरला तर रोग पक्का, तुमचा ठरला तर माझी शक्यता निम्मी. हत्तुऱ्यांना निम्मी चालते. विरेशनं काल फोनवर सांगितलं. पूर्ण चालणार नाही, अप्पा. पूर्ण कुणालाच चालत नाही."

"ही फसवणूक आहे, गंगा."

"हो ना? तेरा वर्षं माझी नजर तुमच्या नावावर जमा होत होती, तेव्हा काय होतं ते?" तिचा आवाज चढला नाही. "मंडळात एकदा तरी म्हणालात का, पोरगी बघते, मी नुसता लिहितो? पाटी तुमच्या नावाची लागली. आता आजारही तुमच्याच नावावर राहू दे."

बत्तीस वर्षांत एकाही व्यापाऱ्याला त्यांना असं उत्तर देता आलं नव्हतं. पेनाला टोपण लागलं.

बसवंतकाका याद्या करायला आले ते समजूतदार चेहरा घेऊनच. "निम्म्याचं काय एवढं? आमच्या घरात साखर आहे, रक्तदाब आहे. पण साहेब, राग मानू नका. लग्नात चार लोकांत तुम्ही काही भलतंच बोलून बसलात तर? विरेश बँकेत आहे. त्याचे वरिष्ठ येणार. त्यापेक्षा तुमची सोय आधी लावू. म्हणजे पोरीलाही घोर नको."

सोय म्हणजे सोलापूर रस्त्यावरचं निगा-निवास, विसरणाऱ्यांसाठी काढलेलं. तिथं प्रवेशाआधी परीक्षा असे.

"काका, आज वार कोणता?" तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं विचारलं.

सोमवार होता. उंबरज्यांनी जरा छताकडं पाहिलं. "गुरुवार असेल."

"हे काय आहे?" त्यानं घड्याळ दाखवलं.

"ते आपलं हे... वजन."

डॉक्टरनं मान हलवून नोंद केली. उंबरज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून मापात पाप केलं आणि पहिल्याच फटक्याला ते पचलं. लग्न थाटात झालं. फोटो त्यांनी नंतर पाहिले.

निगा-निवासात सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी मिळे. झिजणाऱ्या मेंदूची घालमेल शांत करणारी. सोबतची माहितीची चिठ्ठी उंबरज्यांनी वाचली होती, कारण छापलेलं बारीक अक्षर सोडायची त्यांना सवय नव्हती. धडधाकट मेंदूवर हीच गोळी गंजासारखी चढते, असं त्यात होतं. म्हणून ते गोळी गालात धरत आणि मागून बेसिनमध्ये थुंकत. अडीच वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग एका रविवारी शिवगंगा सकाळी अकराला आली. शेंगापोळी आणली होती. विरेशची धाराशिवला बदली होतेय, म्हणाली. तासभर बसून गेली.

तीन वाजता ती पुन्हा आली. साडी तीच. "सकाळीच येणार होते, अप्पा, जमलंच नाही. अहो, एक सांगायचंय. विरेशची बदली होतेय, धाराशिवला."

उंबरज्यांनी मनात हिशेब केला. विसरणं दीडेक वर्ष आधीच आलं होतं. पण चेहरा त्यांनी हलू दिला नाही. "खरंच? कधी?" त्यांनी विचारलं, आणि तिनं जे सांगितलं ते नव्यानं ऐकून घेतलं.

रात्री विरेशचा फोन आला. "मामा, ही म्हणते मी दुपारी एकदाच गेले होते. तुमचा गेटवाला म्हणतो सकाळीही आली होती. नक्की काय?"

खरं सांगितलं असतं तर तिची वही त्या फोनवरच उघडली असती.

"माझंच चुकलं, जावईबापू. सकाळी येऊन गेली आणि मी विसरलो. फोन करकरून परत बोलावलं. ती बिचारी बापाची लाज झाकायला एकदाच म्हणत असेल."

"तरीच," विरेश म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला. "मला उगाच वेगळंच वाटलं. मी डॉक्टरांशी बोलतो, मामा. काळजी करू नका."

जावई शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या दुप्पट झाल्या, आणि उतार वाढल्यामुळे रुग्णावर लक्ष ठेवा, असा शेरा पडला.

"आ करा, काका," सिस्टर म्हणाली. "जीभ वर. आता डावा गाल. शहाणे आहात."

डॉ. कारखानीस यांनी त्या वर्षीच्या परिषदेत उंबरज्यांची रेषा पडद्यावर दाखवली. भाकीत मुदतीआधीच खरं ठरलेला नमुना म्हणून. टाळ्या पडल्या.

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी शिवगंगा आली. पदर सावरत खुर्चीवर बसली.

"अप्पा, एक सांगायचंय. विरेशची बदली होतेय."

"खरंच?" उंबरजे म्हणाले. "कधी? कुठं?"

ती सांगू लागली. ते मन लावून ऐकत होते, आणि त्या दिवशी दोघांपैकी कुणीही सोंग करत नव्हतं.