बदली खेळाडूची एकच जागा

"मॅडम… तुमच्या हातात माझा गुडघा आहे."

घाटकोपरच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून उभी होते. शेजारच्या बाकड्यावर बसलेली माझी आई केव्हाची सांगत होती, "ह्यो गुडघो माझो नाय गो रुचिरा. माझो एवढो मोठो खंय?" आणि मी तिला समजावत होते, की आई, फोटोत मोठंच दिसतं.

मागे वळले. मान वर करावी लागली… चांगलीच वर. निळा शर्ट, उन्हाने रापलेला चेहरा, हातात तसंच पिवळं पाकीट. त्याच्या पाकिटावर आईचं नाव होतं, जानकी परब. आणि माझ्या हातातल्यावर… सुशांत कोळी, वय तेहतीस.

हा चेहरा मी मोबाइलवर अकरा सामन्यांमध्ये पाहिला होता. थांबवून, मागे नेऊन, मोठा करून. आणि दोन महिन्यांपूर्वी एका यादीतून त्याचं नाव खोडलं होतं.

सांगते. मी दुपारी घाटकोपरच्याच एका शाळेत पीटी शिकवते. एके काळी राज्याच्या संघातून बास्केटबॉल खेळलेय. गेल्या ऑक्टोबरपासून संध्याकाळी मेट्रोने वर्सोव्याला जाते, तिथल्या 'सागरज्योत' क्लबच्या पुरुष संघाची कोच म्हणून. संघ बुडत चालला होता, म्हणून मला आणलं. मी आल्या आल्या जुने तीन खेळाडू काढले आणि कॉलेजची पोरं घेतली. त्या तिघांत सुशांत होता. वर्सोव्याचा लाडका सुशांत. क्लबच्या सेक्रेटरीने त्यांना मेसेज पाठवून कळवलं आणि तेव्हापासून तो कोर्टाकडे फिरकलाच नव्हता. आमची तोंडओळखही नव्हती.

पाकिटांची अदलाबदल झाली. तो आईशेजारी बसला.

"खंयचो तू, झिला?" आईने लगेच चौकशी सुरू केली.

"वर्सोव्याचा, काकू."

"मगे थंय डॉक्टर नाय?"

तो हसला. हसताना डावा गाल जरा जास्त वर जातो त्याचा. व्हिडिओत हे दिसलं नव्हतं.

"आहेत ना. पण तिथं मला सगळे ओळखतात. दोन वर्षं झाली, हा गुडघा बाद आहे. पट्टी बांधून, गोळ्या खाऊन खेळलो. घरी पण माहीत नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून बोलतोय."

आई म्हणाली, "मगे खेळतस कित्याक?"

"आता नाही खेळत. कोणी घाटकोपरची मॅडम आलीय कोच म्हणून. मला समोरून न बघताच काढलं."

"राग आला असेल…" माझ्या तोंडून निघून गेलं.

"खूप. सगळ्यांसमोर तर शिव्याच घातल्या तिला." "पण खरं सांगू? त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा गोळी घ्यावी लागली नाही. इतकं हलकं वाटलं… आणि त्याचाच जास्त राग आला."

तेवढ्यात आईचं नाव पुकारलं. ती आत गेली. आता गप्प बसले तर ते खोटं बोलल्यासारखंच होतं.

"सुशांत," मी म्हटलं, "ती घाटकोपरची मॅडम… मीच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या पाकिटाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. उठला, दारापर्यंत गेला, आणि पाठमोराच थांबला.

"सांगणार सगळ्यांना?"

"नाही."

"का? तुमच्या फायद्याचं आहे."

"तुम्ही अनोळखी बाईला सांगितलंत. कोचला नाही."

तो निघून गेला.

*

पुढच्या रविवारी आमचा सामना होता. आम्ही हरलो. आठ सामन्यांतला सातवा पराभव; पुढचे सहा सामने महिनाभराच्या सुट्टीनंतर. आठ संघांच्या लीगमध्ये आम्ही तळाशी होतो, आणि शेवटचा संघ खालच्या गटात जातो. एकदा खाली गेलो की चांगली पोरं दुसरे क्लब बघणार, आणि पुन्हा वर यायला पाच-सहा वर्षं… लोक मागून मला ऐकू जाईल अशा बेताने बोलत होते, "मॅडमनी वाट लावली क्लबची. आजची पण आणि उद्याची पण."

पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते, तर पायरीवर सुशांत. सामना पाहायला आला होता.

"मजा वाटली असेल," मी म्हटलं.

"शेवटची पाच मिनिटं नाही वाटली." तो खाली उतरून आला आणि बाटल्या उचलायला लागला. "तुमची पोरं भारी पळतात. पण कुठं पळायचं ते कुणाला माहीत नाही."

"हे तुम्हाला विचारलं कोणी?"

"कोणीच नाही. म्हणून तर फुकट सांगतोय."

मला हसू आलं. आवरलं, पण त्याने पाहिलं असावं.

मंगळवारी मी आईला व्यायामासाठी पुन्हा दवाखान्यात नेलं, तर तो तिथे. गुरुवारी पुन्हा. दवाखान्याच्या खाली चहावाला होता. आई वर पाय उचलून धरायचे धडे गिरवायची आणि आम्ही दोघं खाली उभे राहून कटिंग पीत भांडायचो. बचावावरून, टाइमआउट कधी घ्यावा यावरून, कुणाला किती वेळ बसवावं यावरून. दुसऱ्याच आठवड्यात त्याने 'तुम्ही' सोडलं.

"तू म्हणतेस की पुढचा विचार केला…"

"'तू'?"

"मला संघातून काढलंस. आता आणखी काय मान देऊ?"

जानेवारीची सकाळ होती. ग्लासातून वाफ येत होती. तो तळहातांत ग्लास धरून फुंकर मारायचा, आणि बोलता बोलता मध्येच थांबून माझ्याकडे बघायचा. मग मला जे बोलायचं असायचं, ते सगळं विसरायला व्हायचं. तेहतिसाव्या वर्षी माणसाने असं बघू नये.

एक दिवस मी विचारलंच. "खरं सांग. चूक केली का मी?"

"माझ्या बाबतीत? नाही."

"मग?"

तो ग्लासात बघत म्हणाला, "दिपेश."

दिपेश त्या काढलेल्या तिघांतला दुसरा. पंचवीस वर्षांचा, संघात सगळ्यात बुटका. सामन्यात त्याचे गुण चार, फार तर सहा. मी कागद बघितला आणि नाव खोडलं.

"सहा गुण काढतो तो!" मी चिडले.

"आणि बाकीच्यांना चाळीस काढून देतो. ते कागदावर त्याच्या नावापुढे येत नाहीत, रुचिरा. चेंडू कुणाला, कधी, कुठं द्यायचा, ते फक्त त्याला कळतं. पोरांना वाढवायला कोणीतरी लागतं ना? तू म्हातारे काढलेस, ठीक. पण पोरांचा हात धरणारा पण काढलास. संघाचं पुढचं बिघडलं असेल तर तिथं."

"म्हणजे लोक म्हणतात तेच खरं."

"अर्धं खरं."

मी ग्लास ठेवला आणि आईला घेऊन तडक निघाले. राग त्याचा नव्हता. घरी जाऊन जुने सामने पुन्हा लावले. या वेळी चेंडू बास्केटमध्ये कुणी टाकला ते बघितलं नाही. त्याच्या आधी चेंडू कुणाच्या हातात होता, ते बघितलं. दर वेळी तो बुटका…

लाज वाटली. अकरा सामने मी पाहिले होते, आणि खेळ पाहिलाच नव्हता.

*

लीगच्या नियमाप्रमाणे हंगामात एक बदली खेळाडू घेता येतो. जागा एकच, आणि मुदत शुक्रवारपर्यंत. गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या खोलीत कमिटी बसली. भाऊराव अध्यक्ष. साठीचे, मोठ्या आवाजाचे, पण क्लबसाठी जीव टाकणारे.

"मॅडम, सरळ बोलतो," ते म्हणाले. "सुशांतला परत घ्या. तसं जमत नसेल, तर सोमवारपासून दुसरा कोच. लोकांना तोंड दाखवता येत नाही आम्हाला."

"सुशांतला नाही घेणार मी."

"का? कारण सांगा ना! वीस वर्षांचा होता तेव्हापासून खेळतोय तो इथं. नक्की काय खोट आहे त्याच्यात?"

एक वाक्य. 'त्याचा गुडघा गेलाय.' एवढं म्हटलं असतं तर खोली गप्प झाली असती, नोकरी वाचली असती, मी बरोबर ठरले असते. वाक्य जिभेवर होतं…

"खोट काही नाही," मी म्हटलं. "माझा निर्णय आहे."

"हे कारण झालं?"

"माझ्याकडे एवढंच आहे."

भाऊरावांनी टेबलावर हात आपटला. "ठीक आहे! बोलवा रे त्याला आत."

मला माहीतच नव्हतं. त्यांनी सुशांतला बोलावून ठेवलं होतं. दार अर्धवट उघडं होतं आणि तो उंबऱ्याबाहेर उभा होता. सगळं ऐकलेलं, हे चेहऱ्यावरूनच कळलं.

"ये. परत खेळायचंय ना तुला?" भाऊराव म्हणाले.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. खाली कोर्टावर पोरं सराव करत होती. सिमेंटवर चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याला परत खेळायचं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं त्याला. सगळं वर्सोवा त्याच्या बाजूने होतं.

"खूप खेळायचंय, भाऊराव," तो हळू म्हणाला. "पण गुडघा संपलाय. दोन वर्षं झाली. मी लपवलं. गेल्या वर्षीचे किती सामने आपण माझ्यामुळं हरलो, ते मला माहितेय. मॅडमना पण माहीत होतं. आत्ता त्यांनी सांगितलं असतं तर…"

भाऊराव खुर्चीतून उठले. मला वाटलं, ओरडणार. ते त्याच्यापाशी गेले आणि दोन्ही खांदे धरून म्हणाले, "अरे येड्या… दुखत होतं तर सांगायचं ना! आम्ही काय परके होतो काय तुला?"

सुशांतने डोळे मिटले. इतके दिवस खांदे जरा वर ओढून चालायचा तो. ते खाली आले. मी ते आत्ता पाहिलं, आणि माझाही श्वास सुटला.

आता माझी पाळी होती. मी उभी राहिले. "चूक माझीही झालीय. सुशांतच्या बाबतीत नाही, दिपेशच्या बाबतीत. त्याला काढायला नको होतं. ती एक जागा मला त्याच्यासाठी द्या. मी स्वतः जाऊन माफी मागते."

भाऊराव आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिले. "आज काय कबुल्यांचा दिवस आहे काय?" ते पुटपुटले, आणि फॉर्म पुढे सरकवला.

*

दिपेश यारी रोडला राहतो. सुशांत सोबत आला. दिपेशने दार उघडलं, मला पाहिलं आणि हाताची घडी घातली.

"मी चुकले," मी म्हटलं. "तुझा खेळ मला कळला नाही. उद्यापासून येशील?"

तो सुशांतकडे बघून म्हणाला, "स्वतः आल्या या?"

"मेट्रोने," सुशांत म्हणाला.

"…सहा वाजता ना?"

उरलेल्या सहा सामन्यांत आम्ही एकदम वाघ झालो, असं काही नाही. पहिले दोन हरलो, फरक मात्र कमी. मग एक जिंकलो. मग लागोपाठ दुसरा. पाचवा पुन्हा हातचा गेला. भाऊरावांनी सुशांतला उंच पोरांना शिकवायला बेंचवर बसवलं. डॉक्टर म्हणाले, खेळणं थांबवलंय तर ऑपरेशनची गरज नाही. ही बातमी त्याने सगळ्यांत आधी माझ्या आईला फोन करून सांगितली. आई मला म्हणाली, "बरो हा तो झिल." आणि मग फार वेळ माझ्याकडे बघून हसत बसली.

शेवटचा सामना मुलुंडच्या संघाशी, आमच्याच कोर्टावर. जिंकलो तर वाचलो, हरलो तर खालच्या गटात. नऊ सेकंद उरले होते, आम्ही एकाने मागे, चेंडू दिपेशकडे. तिघं त्याच्या अंगावर धावले. माझी नखं माझ्याच तळहातात रुतली. त्याने बास्केटकडे बघितलंसुद्धा नाही. दोघांच्या मधून, जमिनीलगत, चेंडू सर्वेशकडे सरकवला. सर्वेश म्हणजे मी कॉलेजमधून आणलेला. त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. तो उडाला… चेंडू कड्यावर एकदा नाचला… आणि आत.

एकसष्ट–साठ.

मी ओरडले नाही. बेंचवर मटकन बसले आणि रडायला लागले. सुशांत शेजारी बसला. नुसता बसून राहिला, खांद्याला खांदा लावून.

सूर्य मावळायला टेकला होता. पोरं भाऊरावांना उचलून नाचवत होती. "चल," सुशांत म्हणाला, "इथं कोणी बोलू देणार नाही."

आम्ही वर्सोव्याच्या धक्क्यावर गेलो. मढला जाणारी फेरीबोट सुटायच्या बेतात होती. चढलो. पाच मिनिटांचा प्रवास. खाडीवरून गार वारा येत होता, सुकत घातलेल्या मासळीचा वास त्यात मिसळलेला. माझे केस त्याच्या बाहीवर उडत होते. त्याने ते बाजूला केले नाहीत.

"रुचिरा, मला संघ सोडून दुसऱ्या विषयावर बोलायचंय."

"बोल की."

"म्हणजे… तू त्या खोलीत गप्प राहिलीस ना… तेव्हा मी दाराबाहेर… म्हणजे तसं आधीपासूनच…"

"सुशांत, मढ येईल."

"येऊ दे ना यार! तेहतीस वर्षांत हे पहिल्यांदा बोलतोय. वेळ लागणार."

मी कठड्यावरचा त्याचा हात धरला. मोठा, खरखरीत, चेंडू खेळून बोटांना घट्टे पडलेला. "मी लवकर निर्णय घेते. तुला माहितेय."

"आणि चुकतेस पण."

"यात नाही चुकत. मला तू आवडतोस. झालं? आता तू बोल."

तो हसला… डावा गाल वर. मग त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि इतक्या हळू म्हणाला, की इंजिनाच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं. मी पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा एकदा.

बोट मढला लागली. माणसं उतरली, स्कूटरी उतरल्या, नवी माणसं चढली. आम्ही तिथेच उभे. नावाडी म्हणाला, "ओ, मढ आलं!" सुशांत म्हणाला, "माहितेय."

त्या संध्याकाळी आम्ही तीनदा मढला गेलो, आणि एकदाही उतरलो नाही.