सात नंबरचा पिंजरा

गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्या. मी ती अंगावर काढली आहे, अजून काढते आहे.

रविवार होता. सकाळचे साडेअकरा. जागा म्हणजे आमच्या संशोधन संस्थेचं प्राणीघर, त्यातली सशांची खोली. खिडकी एकही नाही. दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात.

मी तिथे सशांची देखभाल करते. तेव्हा खरजेवर प्रयोग चालू होता. सशांच्या कानात खरजेचे किडे सोडायचे आणि शरीर त्यांच्याशी कसं झुंजतं ते बघायचं. ज्यांना आधी एकदा खरूज होऊन गेली होती, ते ससे लवकर सावरले. सात नंबरच्या पिंजऱ्यातल्या सशाला ती पहिल्यांदाच झाली होती.

शी! कानांवर बोटभर जाड, पिवळट खपल्या. खाली पू. हात लावला की चुरा पडायचा, आणि भिंगाखाली तो चुरा चालायचा.

रोज सकाळी प्रत्येक सशाच्या त्रासाला आकडा द्यायचा. शून्य ते चार. चार झाले की त्याच दिवशी इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवायचं, असा नियम.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी सात नंबरने खाणं सोडलं. मी तक्त्यावर चार लिहायला पेन टेकवलं.

"थांबा हो," प्रयोग चालवणारे आमचे सर म्हणाले. "तीनच दिवस राहिलेत. आत्ता हा गेला तर सगळ्यावर पाणी पडेल. तीन लिहा."

मी तीन लिहिलं. शुक्रवारी तीन. शनिवारीही तीन.

सरांपुढे कोण बोलणार, असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगू? मला त्याच्याकडे बघवतच नव्हतं. किळस यायची. आकडा लिहायचा आणि पुढच्या पिंजऱ्याकडे पळायचं.

शनिवारी संध्याकाळी तो आपला आपणच मेला. दोन पिशव्यांत बांधून मी त्याला फ्रीझरमध्ये ठेवलं. पिंजरा उकळत्या पाण्याने धुतला. खालचा ट्रे पुसून कोरडा केला.

रविवारी मी एकटीच होते. बाकीच्यांना चारा घालत होते, आणि...

टप टप टप टप.

ससा मागच्या पायाने कान खाजवतो, तेव्हा पाय जाळीवर असाच आपटतो. मी वळून पाहिलं. सगळे ससे कोपऱ्यात दबून बसलेले. एकही हलत नव्हता.

आवाज सात नंबरच्या पिंजऱ्यातून येत होता.

पिंजरा रिकामा होता. मी ट्रे बाहेर ओढला...

खपल्या. मूठभर. ओल्या.

मी फ्रीझरकडे धावले. पिशवी होती तशीच, गाठही माझीच. आतला ससा दगडासारखा कडक. परत येऊन एक खपली भिंगाखाली ठेवली.

किडे जिवंत होते. खपली ओली, म्हणजे नुकतीच अंगावरून पडलेली. पण कोणाच्या अंगावरून?

सोमवारी सरांना ट्रे दाखवला.

"तुम्ही नीट धुतला नसेल," ते म्हणाले. पण ट्रेला त्यांनी बोटही लावलं नाही. आठवड्याभरात पिंजरा भंगारात गेला.

आवाज मात्र गेला नाही.

एका दुपारी घरी जरा आडवी झाले होते. नवऱ्याने हलवून उठवलं.

"अगं, पाय काय आपटतेस? आणि उशीवर ही कसली घाण?"

पिवळट चुरा होता. मी कानाला हात लावला. कान स्वच्छ, पण आत आग आग होत होती.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कान खरवडून तपासला. एकही किडा सापडला नाही.

"खाज किती आहे? शून्य ते चारमध्ये सांगा."

मी त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

"तीन," मी म्हणाले.

त्याला आता पाच महिने झाले. उशीवर रोज चुरा असतो. नवरा तोंड वाकडं करून तो झटकतो आणि बाहेरच्या खोलीत जाऊन झोपतो. गुरुवारपासून मला घास जात नाही.

आज सकाळी त्याने विचारलं, "फार त्रास होतोय का गं?"

"नाही रे," मी म्हणाले. "तीनच आहे."

चार म्हटल्यावर काय करतात, ते मला माहीत आहे.